ठाण्याच्या उकाड्यात बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर का बिघडते

प्रश्न: घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर राहतो. मार्चपासून तीनदा बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर करून पाहिली, दर खेपेला १० लिटर. निम्मा बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), निम्मा दळून आणलेला गहू, डब्ल्यूबी-०६ यीस्ट, ३० ग्रॅम भाजलेले धणे, दोन संत्र्यांची साल. पहिलीला नेलपॉलिशचा वास आला. दुसरी सांबारासारखी लागली. तिसऱ्या वेळी मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं धान्य, इतका घट्ट बसला की पाणी खाली उतरेना. तरी रेटून केली, पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या. त्या १४ बाटल्या सध्या दिवाणाखाली आहेत. नेमकं काय चुकतंय? की ठाण्याच्या हवेत हे जमणारच नाही?

उत्तर:

आधी दिवाणाखालच्या बाटल्यांचं बघा, बाकीचं मागाहून वाचलंत तरी चालेल. जाड टॉवेल घ्या, डोळ्यांवर चष्मा चढवा, आणि एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून फ्रीजमध्ये उभी ठेवा. घरात लहान मुलं असतील तर तेवढा वेळ त्यांना खाली खेळायला पाठवा. पूर्ण एक दिवस गार झाल्यावर एक बाटली मोरीत नेऊन उघडा. फेस कारंज्यासारखा उडाला तर बाकीच्याही गार असतानाच उघडून ओतून टाका. जीव अडकवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

कारण सांगते. डब्ल्यूबी-०६ हे यीस्ट डायास्टॅटिकस गटातलं आहे. साधं यीस्ट ज्या लांब साखळीच्या साखरेला तोंड लावत नाही, ती हे सावकाश तोडून खात बसतं, आणि त्याला घाई नसते. त्यात तुम्ही बाटलीत वरून साखर घातली आणि बाटल्या ३२-३३ अंशांच्या खोलीत ठेवल्या. पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले याचा अर्थ एवढाच, की एअरलॉकमधून, म्हणजे झाकणावरच्या वायू सोडणाऱ्या नळीतून, वायू बाहेर पडायचा थांबला. झाकणाचं रबर जरा तिरकं बसलं तरी तसं होतं. फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपलं की नाही हे द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटरच सांगतो: तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले तरच बाटली. डब्ल्यूबी-०६ वापरलंत तर मी दोनदा मोजून थांबणार नाही, आणखी आठवडा वाट बघेन. शिवाय हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. आपल्याकडच्या ३० अंशांच्या नमुन्यात तो दोन-अडीच अंक कमी दाखवतो, म्हणजे १.०१२ असेल तर १.०१० च्या आसपास दिसेल. कमी आकडा बघून लोक खूश होतात आणि फसतात.

मी स्वतः हे शिकले ते ऐरोलीच्या भाड्याच्या घरात, एका मे महिन्याच्या दुपारी. हा उद्योग तेव्हा मीही घरीच करत होते. तीनच्या सुमारास धाडकन आवाज झाला. मला वाटलं खाली सिलिंडरची गाडी आली आणि कुणीतरी सिलिंडर आपटला. स्वयंपाकघरातल्या कपाटापर्यंत पोचायच्या आत दुसरा आवाज झाला. दार उघडलं तर दोन बाटल्यांचा चुरा, आणि काचेचा एक नखाएवढा तुकडा सनमायकात असा रुतलेला की तो पकडीनंही निघाला नाही. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होता. घर सोडताना घरमालकांनी विचारलं हे काय, मी म्हटलं लोणच्याची बरणी पडली.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण यावर बोलताना सगळे खाकरून पुढे जातात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं त्यात गुन्हा आहे. ‘घरच्यापुरती १० लिटर’ अशी पळवाट मला त्यात दिसलेली नाही. मी आता परवाना असलेल्या ब्रूअरीत काम करते आणि माझे सगळे प्रयोग तिथल्याच छोट्या भांड्यात होतात. तुम्ही काय करायचं ते तुम्ही जाणा. पण विकणं, सोसायटीच्या पार्टीला नेणं, एकवीस वर्षांच्या आतल्या कुणाला चव देणं, हे डोक्यातूनही काढून टाका.

आता मूळ प्रश्न. तुमच्या कृतीत दुरुस्त करण्यासारखं बरंच आहे, पण सगळ्यात मोठी चूक कृतीत लिहिलेलीच नाही. ती कृती लिहिणाऱ्याच्या घराचं तळघर १७-१८ अंशांचं असतं, म्हणून त्यानं तापमानाबद्दल एक ओळ लिहून विषय सोडून दिलेला असतो. आपल्याकडे तीच ओळ म्हणजे अख्खी बिअर. यीस्ट घातल्यानंतरचे पहिले तीन दिवस थंड ठेवता आले तर ठाण्यात ही बिअर उत्तम होते. नाही आले तर जगातला सर्वात महाग माल्ट आणून काही फरक पडत नाही.

नेलपॉलिशचा वास तिथूनच आला. खोली ३२ अंशांची होती म्हणजे डब्यात ३२ अंश होते असं नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा स्वतःची उष्णता सोडतं. ढोबळ हिशोब करा: १० लिटरमध्ये साधारण ८०० ग्रॅम साखर आंबते, आणि त्यातून निघालेली सगळी उष्णता आतच कोंडली तर द्रव अकरा-बारा अंशांनी तापेल. ती सगळी कोंडत नाही, बरीच बाहेर जाते, पण जायला बाहेर थोडं थंड असावं लागतं. तुमच्या खोलीत ती जाणार कुठे? डबा ३५-३६ ला गेला असणार, आणि तिथे यीस्ट इथाइल अॅसिटेट म्हणजे तुमचा नेलपॉलिशचा वास, आणि घशाला चरचरणारे जड अल्कोहोल भरभरून तयार करतं. 

उपाय दोन. पैसे आणि जागा असेल तर जुना एकदारी फ्रीज घ्या आणि त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडा. लॅमिंग्टन रोडला असे नियंत्रक सहज मिळतात. त्याचा सेन्सर डब्याच्या अंगाला चिकटवून वर जाड फडकं बांधा, हवेत लोंबकळत ठेवू नका, नाहीतर तो फ्रीजमधली हवा मोजेल. दुसरा उपाय म्हणजे टब. मोठ्या प्लास्टिकच्या टबात डबा ठेवा, बाहेरचं पाणी आतल्या द्रवाच्या पातळीइतकं भरा, आणि एक-एक लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठवून सकाळी दोन, रात्री दोन टाकत राहा. मे महिन्यात दुपारचीही एक फेरी लागते. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी वेगानं ओढून घेतं, म्हणून टब लागतोच. इंटरनेटवर ओला टॉवेल गुंडाळून पंखा लावायचा सल्ला दिसतो. नाशिकला किंवा नगरला एप्रिलमध्ये तो चालतो. ठाण्याच्या दमट हवेत टॉवेल वाळतच नाही, आणि वाळलाच नाही तर थंडावा कुठून येणार? आपल्याकडे दोरीवरच्या कपड्यांचं जे होतं तेच त्या टॉवेलचं होतं.

यीस्ट घालताना वर्ट, म्हणजे धान्यातून उतरलेलं गोड पाणी, १८ अंशांवर असू द्या. इथेही एक मेख आहे. उकळलेला वर्ट गार करायला कृतीत ‘नळाचं पाणी फिरवा’ लिहिलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीतून मेमध्ये येणाऱ्या पाण्यानं तुम्ही हात भाजून घ्याल. नळाच्या पाण्यानं ३५ पर्यंत आणा, मग पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवा. तेही होत नसेल तर निर्जंतुक केलेल्या, गरम सोसणाऱ्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि यीस्ट दुसऱ्या दिवशी घाला. घाईनं ३४ अंशांवर यीस्ट टाकून नंतर थंड करत बसणं म्हणजे भात करपल्यावर गॅस बारीक करणं. पहिले तीन दिवस १८ ते २०, मग बर्फ थांबवा आणि डब्याला आपोआप २३-२४ पर्यंत चढू द्या. शेवटी थोडी ऊब हवीच असते, यीस्ट आपला पसारा त्यातच आवरतं.

यीस्टबद्दल. डब्ल्यूबी-०६ वाईट नाही, पण ते जर्मन वळणाच्या बिअरचं. गव्हाची बिअर म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. जर्मन वाइसबिअरमध्ये गहू मोड आणून वाळवलेला, म्हणजे माल्ट केलेला असतो, मसाला काही नसतो, आणि केळं-लवंगेचा जो वास येतो तो निव्वळ यीस्टचा. बेल्जियन विटबिअरमध्ये गहू कच्चा, जोडीला थोडे ओट्स, धणे आणि संत्र्याची साल, आणि यीस्टनं मागे राहून थोडा मिरीसारखा तिखटपणा द्यायचा. तुम्ही एकीचं सामान घेतलंत आणि दुसरीचं यीस्ट. लॅलेमांड कंपनीचं लालब्रू विट किंवा मॅनग्रोव्ह जॅक्सचं एम-२१ अशी खास या बिअरची सुकी यीस्टं असतात, ती मागवा. फर्मेंटिसचं टी-५८ ही चालेल, जरा मिरीकडे झुकतं.

ही बिअर एकदा जवळजवळ मेलेली होती. ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. तिथली शेवटची विटबिअरची ब्रूअरी १९५० च्या दशकात बंद पडली. लहानपणी त्याच ब्रूअरीत हाताखाली काम केलेल्या पिअर सेलिस नावाच्या माणसानं १९६६ च्या सुमारास ती पुन्हा सुरू केली. पेशानं तो दूध घालणारा. मी स्वतः दुग्धालयाच्या प्रयोगशाळेत विरजणाच्या जिवाणूंवर काम करून या धंद्यात आले, म्हणून मला तो उगीचच नात्यातला वाटतो. १९८५ मध्ये त्याच्या ब्रूअरीला आग लागली, पुढे ती मोठ्या कंपनीकडे गेली, आणि हा गृहस्थ अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला जाऊन १९९२ मध्ये तीच बिअर पुन्हा करू लागला. आज बारमध्ये धण्या-संत्र्याची जी जी पांढुरकी बिअर मिळते, ती सगळी त्याच्याच घरातली.

धण्यांवर मात्र मी थांबणार आहे, कारण इथे आपण बेल्जियनांच्या पुढे आहोत आणि तरीही बिअर सांबार करून ठेवतो. युरोपात मिळणारे धणे बारीक, गोल असतात. आपल्याकडचे लांबट, फिकट, वजनाला हलके. वासाला ते जास्त लिंबाळ आणि गोडसर. परदेशातले घरगुती ब्रूअर या बिअरसाठी मुद्दाम भारतीय वाण्याकडे जाऊन धणे आणतात. तुम्ही वाशीच्या मसाला मार्केटपासून फार लांब राहत नाही. मूठभर घ्या, दोन दाणे दातांखाली फोडा. आधी लिंबाच्या सालीसारखं, मग किंचित फुलासारखं काही लागलं तर ते तुमचे. जुने, काळपट, गोदामाचा वास येणारे असतील तर बिअरला उकडलेल्या भाजीचा वास येतो, आणि तो कशानंही जात नाही.

एकदा मी असेच पाव किलो धणे आणून ओट्यावर निवडायला ठेवले होते. फोन घ्यायला बाहेर गेले, परत आले तर घरभर खमंग वास. सासूबाईंनी कढई तापवून सगळे छान बदामी भाजून ठेवले होते. “तुला कुटायलाच हवेत ना, भाजल्याशिवाय कुटतात का कुणी?” त्यांचं बरोबर होतं. मराठी स्वयंपाकघरात धणे आले की हात कढईकडेच जातो. पण भाजल्याबरोबर तो लिंबाळ वास उडून जातो आणि त्याजागी गोड्या मसाल्याचा येतो. त्या धण्यांची आमटी सुरेख झाली. बिअरसाठी मी पुन्हा वाशी गाठली.

तेव्हा धणे कच्चे. १० लिटरला १० ते १२ ग्रॅम, तुम्ही ३० घातले होते. खलबत्त्यात एकेक दाणा दोन फाकी होईल इतकाच ठेचा, पूड नको. मिक्सर तर नकोच. उकळी संपायला पाच मिनिटं असताना पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटांनी पुरचुंडी काढून घ्या. बाजारात मुखवासाची धणाडाळ मिळते ती आणू नका, तिला मीठ लावलेलं असतं. हे सांगावं लागतंय कारण एकानं आणली होती.

संत्र्याची साल मूळ कृतीत कुरासाव बेटावरच्या कडू संत्र्याची, वाळवलेली. आपल्याला नागपुरी पुरेशी आहे. फक्त साल तोडून घालू नका. सोलाण्यानं किंवा बारीक किसणीवर वरचा केशरी भाग तेवढा घ्या, आतला पांढरा पापुद्रा आला की कडवटपणा आला. १० लिटरला १० ते १५ ग्रॅम ताजी किसलेली साल, धण्यांच्याच पुरचुंडीत. परदेशी चकचकीत संत्र्यांवर मेणाचा थर असतो, ती गरम पाण्यानं घासूनही माझं समाधान होत नाही. एक-दोनदा मी ईडलिंबाची साल वापरून पाहिली, निम्म्या प्रमाणात. वास अप्रतिम, पण पहिल्या घोटाला लोणच्याची आठवण येते, तेव्हा जपून. आणि वेलची घालायचा मोह सगळ्यांना होतो. बिअरचं मसाला दूध होतं.

आता मॅश अडकला त्याबद्दल. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं आणि मॅशमध्ये तीच गाळणी असते. गव्हाला ते नसतं. तुम्ही निम्मा गहू घातलात, तोही बहुधा चक्कीवाल्यानं चपातीच्या पिठाच्या जवळ नेऊन ठेवलेला. ती खळच झाली. गहू लोकवन घ्या आणि दलियापेक्षा बारीक करू नका. तयार दलिया आणलात तरी उत्तम. खपली नको, ती खिरीला. ओट्स साधे, आणि पाकीट वाचून घ्या, मसाला ओट्स निघाले तर पुन्हा सांबार.

१० लिटरसाठी माझं माप असं: फिकट पिल्सनर माल्ट १ किलो २०० ग्रॅम, दलिया ९५० ग्रॅम, ओट्स १२० ग्रॅम. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटरवर दिसणारा आकडा, १.०४८ च्या आसपास येते. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, साझ जातीचे; त्यांतलं कडवट अल्फा आम्ल साडेतीन टक्के असेल तर १८ ग्रॅम, पूर्ण तासभर उकळायचे. त्यापुढे हॉप्स नाहीत, ही बिअर कडू नसते.

दलिया आधी ४ लिटर पाण्यात वीस मिनिटं लापशीसारखा शिजवा, ढवळत राहा, तळाला धरतो. दुसऱ्या टोपात कापडी पिशवी लावून ६ लिटर पाण्यात माल्ट आणि ओट्स ४४ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. माल्ट पाण्यात ओतताना पिठल्याला पीठ भुरभुरतो तसं भुरभुरा, गुठळी झाली की तिच्या पोटातलं पीठ शेवटपर्यंत कोरडं राहतं. या ४४ अंशांवर दोन कामं होतात. ओट्सचा चिकटपणा थोडा मोडतो, आणि माल्टमधलं फेरुलिक आम्ल सुटतं, ज्यातून पुढे यीस्ट तो हलका लवंग-मिरीचा वास तयार करतं. मग ती उकळती लापशी थोडी थोडी करत या टोपात ओता. मापं अशी आहेत की तापमान आपोआप ६५ च्या आसपास जाऊन बसतं. पहिल्यांदा हे होताना बघितलं तेव्हा मला जादू वाटली होती. उरलेले दोन अंश गॅसनं वाढवा, पिशवी तळापासून उचलून धरा नाहीतर भोक पडेल, आणि ६७ वर तासभर गोधडीत गुंडाळून ठेवा. शेवटी पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं.

पिशवी वर टांगून निथळू द्या, वरून ७५ अंशांचं चार-पाच लिटर पाणी सावकाश सोडा. तरीही तुंबत असेल तर पुढच्या वेळी दोन मुठी भाताचा तूस घाला. कर्जत-पनवेलकडच्या कुठल्याही भाताच्या गिरणीत तो पोत्यानं पडलेला असतो. तूसच मागा, कोंडा नको, कोंड्यात तेल असतं. गरम पाण्यानं दोनदा धुऊन घ्या.

तुम्हाला पांढुरकेपणा येत नाही असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण दलिया जास्त गाळला गेला तर बिअर पाण्यासारखी नितळ होते. उकळीच्या शेवटी चमचाभर कणीक पाण्यात कालवून घालायची जुनी युक्ती आहे. थोडी लबाडी आहे खरी.

पाण्याचं आपलं नशीब चांगलं. ठाण्याला भातसा आणि उल्हासचं पाणी, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. दोन्ही पावसाचं, मऊ पाणी, आणि फिकट बिअरला तेच हवं. घोडबंदरला मात्र तुमच्या नळाला नेमकं काय येतं ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी मिसळलेलं असेल तर टीडीएस मीटर लगेच सांगतो, मग निम्मं आरओचं पाणी मिसळा. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो तसाच राहिला तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. आदल्या रात्री पाणी उघड्या टोपात ठेवा, किंवा १५ लिटरला दहावा हिस्सा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ढवळा.

स्वच्छतेवर नेहमीचं व्याख्यान देत नाही, दोनच गोष्टी. आंब्याच्या दिवसांत घरात चिलटं असतात आणि त्यांच्या पायांना व्हिनेगरचे जिवाणू असतात. एक चिलट डब्यात पडलं तरी बिअर आंबट होऊ शकते, म्हणून त्या दिवसांत एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी व्होडका भरा आणि आंब्याच्या पेटीजवळ डबा ठेवू नका. दुसरं, माल्ट ज्या खोलीत दळता तिथे फर्मेंटर उघडू नका. दाण्याच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस भरपूर असतो. इडलीच्या पिठाला तो हवा, इथे नको.

बाटल्यांत लिटरला साडेसात ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये एकत्र मिसळून. प्रत्येक बाटलीत चमच्यानं घालू नका, हात कमी-जास्त होतो. सुरुवातीला निम्म्या बाटल्या सोड्याच्या प्लास्टिकच्या घ्या. दाबून बघता येतात: दगडासारख्या टणक झाल्या की सगळा माल फ्रीजमध्ये. फेस धरायला मात्र आपली हवा फार सोयीची, दहा-बारा दिवसांत काम होतं. ही बिअर मुरवून ठेवायची नसते. दोन महिन्यांत धण्यांचा वास विरतो.

डिसेंबर-जानेवारी हा ठाण्यातला तिचा खरा हंगाम. रात्री पारा १८ च्या आसपास उतरतो, टबात बर्फ निम्मा लागतो, आणि तेव्हाच नागपूरची आंबिया बहाराची संत्री हातगाडीवर आलेली असतात. पण तुम्ही मे-जूनमध्ये करणारच, हे तुमच्या प्रश्नावरूनच कळतंय. मग त्या दिवसांत विटचं यीस्ट बाजूला ठेवा आणि व्हॉस क्वाइक मागवा. नॉर्वेतल्या व्हॉस भागातल्या शेतकरी घरांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं हे यीस्ट ३५ ते ४० अंशांत सगळ्यात खुशीत असतं आणि स्वतःहूनच संत्र्याचा वास देतं. लवंग-मिरीचा तिखटपणा त्यात अजिबात येत नाही, त्यामुळे चोख विटबिअर म्हणू नका. साल निम्मी करा, धणे तेवढेच ठेवा, आणि हलक्या वर्टमध्ये त्याला उपाशी वाटतं म्हणून थोडं यीस्ट न्यूट्रिएंट घाला. तीन-चार दिवसांत ते आटोपतं. त्याला बर्फ लागत नाही, उलट रात्री एसी चालू असेल तर ते कुडकुडतं. मागच्या मेमध्ये आमच्या ब्रूअरीतल्या पोरांनी मला त्या डब्याला गोधडी गुंडाळताना पाहिलं आणि फोटो काढून ठेवलाय.